मोटारीवर बेलपत्र

मोटारीचा सरकारी कर एक पळी पाण्यात कसा मिटवावा, हे आपल्या भोकरदन तालुक्यात कुणाला विचारायचं असेल, तर मला विचारा! जालन्याचे वकील आणि औरंगाबादचे बॅरिस्टर जिथं हात टेकून बसले, तिथं मी सकाळच्या पूजेतून उठता उठता काम उरकून आले. माझा आवाज असा, की मी मांजराला 'शुक' म्हटलं तर ते मांडीवर येऊन बसतं. तरी सांगते. तुमच्याही घरात एखादी मोटार शिरू शकते!

आमच्याकडे ती यांच्या हौसेनं शिरली. हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या धाकट्या चिरंजीवांना तिचा कंटाळा आला होता आणि यांना तो अजून यायचा होता. शर्यतीची मोटार! लालभडक! वर छप्पर नाही, दारं गुडघ्याएवढी, पुढं हे लांबच लांब नाकाड, आणि त्यामागे बसायला जेमतेम दोन जागा. आमच्या केदारखेड्यात ती सुरू केली की नदीपलीकडच्या म्हशी दूध चोरतात, असं शेजारच्या सगुणाबाई म्हणायच्या.

"स्वस्तात मिळाली!" हे मिशीवर हात फिरवत म्हणाले.

स्वस्तात कशी नाही मिळणार? म्हातारा पैलवान घरी आणून ठेवल्यासारखं ते झालं. कुस्ती बंद, पण खुराक तोच! पेट्रोलचे डबे जालन्याहून यायचे. टायर मुंबईहून यायचे आणि बाभळीच्या काट्याला भेटून लगेच देवाघरी जायचे. तेल तर ती अशी प्यायची, की दिवाळीतली कढई बरी. पहिल्या वर्षी यांनी गावाला तिची धाव दाखवली. दुसऱ्या वर्षी गावानं ती ढकलून दाखवली. तिसऱ्या वर्षी ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली, आणि तिच्या नाकाडावर आमची कोंबडी अंडी घालू लागली. खर्च मात्र अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा जागचा हलेना.

अशात निजाम सरकारच्या महसुलाचे अहलकार, म्हणजे कारकून, आले. पांढरी दाढी, शेरवानी, बोलणं साखरेत घोळलेलं. चहा घेतला, आमच्या बैलांची तारीफ केली, आणि जाता जाता बॉम्ब टाकला.

"काकासाहेब, मोटर का टॅक्स तीन साल से बाकी है."

"मुन्शीजी, मोटार तर बंद आहे!" हे म्हणाले.

"बंद है, लेकिन है तो सही!"

"तिच्यावर कोंबडी बसून राह्यली!"

"मुर्गी पर टॅक्स नहीं है," अहलकार गोड हसले. "मोटर में अठारा घोडों का जोर है, उस पर है. गुरुवार को फिर आऊंगा. पैसा नहीं, तो मोटर जप्त."

अठरा घोडे म्हणे! गेल्या पावसाळ्यात तिला चिखलातून बाहेर काढायला आमचे दोन बैल लागले होते. पण यांचा चेहरा असा उतरला, की मला ते अठरा घोडे यांच्या छातीवरून गेल्यासारखं वाटलं. करापायी दुभती म्हैस विकावी लागणार होती, आणि म्हैस वाचवली तर मोटार जाणार होती. मोटार उभी राहिल्यापासून हे रोज संध्याकाळी त्या बंद मोटारीत जाऊन बसत. चाक हातात धरत. तोंडानं हळूच 'भुर्रर्र' करत. मी पडवीच्या दारातून पाहायची आणि परत फिरायची. नवऱ्याचा असा जीव तुटलेला कोणत्या बायकोला पाहवेल?

पण त्या दिवशी निघताना अहलकार दारापर्यंत जाऊन थांबले होते. "माफी तो सिर्फ देवस्थान और दर्गे की सवारी की गाडी को है," असं सहज बोलून गेले.

झालं! यांचे डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे लकाकले.

"महादेवाच्या नावावर करून टाकू!" रात्री जेवताना हे म्हणाले. "नुसतं कागदावर!"

"कागदावर म्हणजे?"

"म्हणजे नाव त्याचं, गाडी आपली. महादेव काय विचारायला येऊन राह्यला?"

सोमवारी सकाळीच हे स्टँपाचा कागद आणायला जालन्याला गेले. शर्यतीच्या मोटारीचा मालक उतारूंच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून गेला!

इकडे मी पूजेची तयारी करत होते. माझे सोळा सोमवार चालू होते. उपाशी पोटी महादेवाला बेल वाहणारी बाई मी, आणि त्याच सोमवारी त्याच महादेवाला खोटा कागद द्यायचा? नुसतं नाव लावून ठेवायला तो काय आमचं कूळ आहे? देवाला द्यायचं तर रीतसर द्यावं, म्हणजे काम पक्कं होईल आणि पापही लागणार नाही. यांच्याच कामाला मी मजबुती आणत होते, हे ध्यानात घ्या!

दान देताना वस्तू हातात लागते. मोटार काही हातात मावेना. म्हणून तिला सुरू करायचा तो वाकडा लोखंडी दांडा घेतला. त्याच्याशिवाय ती हूं की चूं करत नाही, म्हणजे तिचा जीवच की तो! पदराखाली झाकून देवळात नेला, उंबऱ्यावर ठेवला, वर बेलपत्र ठेवलं, पळीनं उदक सोडलं आणि म्हणाले, "न मम." माझं नाही.

कडूबा गुरवानं विचारलं, "काय दिलं, बाईसाहेब?"

"मोटार."

कडूबाच्या हातातली घंटा हातातच राहिली. "ती लाल?"

मी मान डोलावली. तेवढंच मी केलं. पुढचं सगळं कडूबानं केलं. त्यानं आधी शंख फुंकला. मग पारावर जाऊन अशी आरोळी ठोकली, की ज्वारी काढणारे लोक विळे घेऊन पळत आले. त्यांना वाटलं, गावात वाघ शिरला!

संध्याकाळी हे परतले तर वाड्यापुढं जत्रा! मोटारीच्या दिव्यांना गंध लावलेलं, नाकाडावर भस्माचे पट्टे ओढलेले, चाकाचाकाला झेंडूची माळ. कोंबडीला कुणीतरी मानानं खाली उतरवलं होतं. बायका प्रदक्षिणा घालत होत्या.

"हे काय करून राह्यले सगळे?" हे ओरडले.

"चपला काढा, काकासाहेब!" सगुणाबाई.

"माझ्या मोटारीपुढं?"

"तुमची कशाची? देवाची! सकाळीच दिली न् वैनींनी."

हे माझ्याकडे वळले. हातात स्टँपाचा कागद होता. "अगं, मी कागद आणला!"

"मी उदक सोडलं," मी म्हणाले.

"किती?"

"एक पळी."

हे ओट्यावर बसले. बराच वेळ त्या कागदानं वारा घेत राहिले. मग हळूच, मुलाच्या आवाजात विचारलं, "परत घेता येतं का?"

"दिलेलं दान परत घेणारा साठ हजार वर्षं नरकातला किडा होतो, असं पोथीत आहे."

"साठ हजार!" हे कळवळले. "सरकार बरं की! तीन सालाचंच मागून राह्यलं!"

तरी धीर सुटला नव्हता. हे थेट देवळात गेले. मी मागून.

"कडूबा, दांडा दे बरं."

"आंघोळ झाली?"

"सकाळी केल्ती."

"मंग आता परत करा. सोवळं नेसून या."

"अरे, तो मोटारीचा दांडा आहे! लोखंडाचा!"

"असंल," कडूबा शांतपणे म्हणाला. "पर आत्ता त्रिशुळाशेजारी उभा हाय. त्रिशूळबी लोखंडाचाच हाय, काकासाहेब."

वाद रामराव पाटलांपुढं गेला. पाटलांनी पान लावलं, चघळलं, आणि निवाडा केला. "गाडी देवाची. त्यात दुमत न्हाई. पर ती हाकता कुणाला येती? काकासाहेबांलाच. मंग देवाचे सारथी काकासाहेब. ज्या दिवशी देव भाईर निघतील, त्या दिवशी त्यांनी थंड पाण्यानं आंघोळ करायची, सोवळ्यात अनवाणी बसायचं, आन् उपास धरायचा."

चालवायला मिळणार म्हटल्यावर यांच्या तोंडावर जरा तेज आलं. "बराबर आहे," हे म्हणाले. "आणि पेट्रोल देवस्थान देईल!"

पाटील थुंकायला उठलेले पुन्हा बसले. "काकासाहेब, देवळात नंदादीप कोण लावतं?"

"ज्याची इच्छा असेल तो."

"आन् त्याला तेल कोण घालतं?"

"ज्यानं दिवा दिला..." हे बोलता बोलता थांबले. सगळी पंचमंडळी माना डोलावत होती. हे माझ्याकडे पाहू लागले. मी देवळाचं छत पाहू लागले. छान नक्षी आहे.

म्हणजे मोटार देवाची. पेट्रोल, टायर, तेल, दुरुस्ती आमची! आता निदान कर तरी सुटावा, नाहीतर यांना चालवायलाही मिळणार नव्हती. जप्त झालेली मोटार देवाची असली काय आणि कुणाची असली काय!

गुरुवार उजाडला. त्या दिवशी रथसप्तमी. पहाटेपासून अंगणाअंगणांत गोवऱ्यांवर दूध ठेवलेलं. सूर्याला तोंड करून दूध उतू गेलं की वर्ष चांगलं जातं, म्हणून आम्ही बायका भांड्यावर नजर लावून. हे त्या थंडीत गार पाण्यानं न्हाऊन, रेशमी सोवळं नेसून, उघड्या अंगानं कुडकुडत उभे. मोटारीत सारथ्याशेजारच्या जागेवर महादेवाचा चांदीचा मुखवटा, छत्रीसकट विराजमान.

अहलकार आले. मोटारीभोवती फिरले. माळा पाहिल्या, भस्म पाहिलं, दाढी खाजवली.

"काकासाहेब, सचमुच सवारी की गाडी है, या सिर्फ बहाना है?"

"मुन्शीजी, कसली शंका!"

"तो चलाके बताव. बंद गाडी में सवारी कैसी?"

कडूबानं दांडा कपाळाला लावून भोकात घातला आणि फिरवला. मोटार खोकली. पुन्हा फिरवला. शिंकली. मी मनातल्या मनात जप सुरू केला. तिसऱ्यांदा असा धडाका झाला, की बैलांनी दावी तोडली! निघाली! पुढे टाळकरी, मागे बायका, मधे हे.

आता शर्यतीच्या मोटारीला मिरवणुकीच्या चालीनं चालवणं म्हणजे वळूला नऊवारी नेसवून ओटी भरायला नेणं! ती रडायला लागली, थरथरायला लागली. नाकाडातून वाफा निघू लागल्या. "बाजूला व्हा, तापली! जल्दी!" असं हे ओरडत होते, आणि लोकांना वाटत होतं, सारथ्याच्या अंगात आलं.

देवळापुढं आली आणि फाट्‌! नाकाडाच्या टोकाचं झाकण आभाळात उडालं. त्यातून पांढरंशुभ्र, फेसाळ दूध उसळून वर आलं आणि पूर्वेकडे उतू गेलं!

टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले. मग सारा गाव जमिनीवर आडवा!

"हर हर महादेव!" कडूबा.

"रेडिएटर गेलं!" हे. पण उभं होतंच कोण ऐकायला?

मी शेजारी पाहिलं. सगुणाबाई लोटांगणातूनच माझ्या कानाला लागल्या. "आज सणाचं देवाच्या गाडीनं नुसतं पाणी प्यावं का, वैनी? पहाटं मीच दोन तांबे दूध ओतल्तं."

अहलकारांनी आधी जोडे काढले. मग दोन पावलं मागं सरकले, "सुभानल्लाह!" म्हणाले, आणि तिथंच उभ्या उभ्या शेरा मारला: गाडी सवारीचीच आहे, माफी बिलकुल बराबर. इकडे सगुणाबाई नाकाडाखाली वाटी धरून तीर्थ वाटू लागल्या.

"पिऊ नका! त्यात तेल आहे!" हे किंचाळले.

"तूप असंल," रामराव पाटील ओठ पुसत म्हणाले.

तर असा कर मिटला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः पंचांग काढून बसले.

"अगं, प्रदोष कधी आहे?"

मी चकित! एकादशीला कांद्याचं थालीपीठ मागणारा माणूस! "कशाला?"

"देवाला बाहेर काढायला पाहिजे. बसून बसून गंजेल. म्हणजे, गाडी."

आता यांना सगळे उपास तोंडपाठ आहेत; प्रत्येक उपासाला देव बाहेर निघतात. मला जी व्रतं ठाऊक नव्हती तीही यांनी हुडकली. शिवाय देवाच्या गाडीचं पेट्रोल ओवळ्या सर्व्हिस मोटारीतून कसं आणायचं? म्हणून ते आणायला देवालाच जालन्याला जावं लागतं. चार डबे आणायचे, त्यातले दोन जाण्यायेण्यात जळतात. ते संपले की देव पुन्हा जालन्याला! मग यांनी पाटलांना पटवलं, की इतर गावांचे देव पालखीत कुचंबतात, आपले देव मोटारीतून सगळ्यांच्या भेटी घेऊ शकतात. पाटलांची छाती फुगली. हिशेबाचं मी विचारत नाही. म्हैस गेल्या महिन्यात पेट्रोलपायी गेली.

परवा मी माहेरी हसनाबादेला निघाले. मोटारीतली दुसरी जागा देवाची, तेव्हा मी आपली बैलगाडीतून. अर्ध्या वाटेवर मागून भोंगा वाजला. गाडीवानानं घाईघाईनं बैल कडेला घेतले. देव हसनाबादेच्या देवीच्या भेटीला चालले होते. हे सोवळ्यात, ताठ बसलेले, वाऱ्यानं शेंडी मागं उडत होती. आमच्याकडे ढुंकूनही न पाहता लाल रेघेसारखे निघून गेले, आणि मागं धुळीचा डोंगर उठला. मी डोळे गच्च मिटले आणि हात जोडून तोंडापुढं धरले.

गाडीवान भारावून म्हणाला, "काय भक्ती हाय, बाईसाहेब तुमची!"

मी पदराआड थुंकले. तोंडात धूळ होती.