तात्यांची सहमती

तात्यांनी स्वतःच मांडलेल्या सूचनेवर स्वतःच हरकत घेतली, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. सूचना अशी होती की बैठकीत चहा सुरुवातीला न देता शेवटी द्यावा, म्हणजे चहासाठी तरी लोक थांबतील. सगळ्यांना पटलं. माना हलल्या, दोनचार हातही वर झाले. ते हात बघताच तात्या पुन्हा उभे राहिले.

"माझी हरकत नोंदवा."

"कशावर, तात्या?"

"चहावर. शेवटी दिला तं पिऊन झाल्या झाल्या लोक उठून जातील."

"अहो, पण सूचना तुमचीच होती ना?"

"म्हनून तं मला तिच्यातली खोड म्हाईत हाय!"

तात्या म्हणजे दशरथ, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सत्तरी ओलांडलेली, अंगात धुवट सदरा आणि उजवा हात कायम वर जाण्याच्या तयारीत. हरकत घेणं हा त्यांचा स्वभाव की छंद, हे मला कधी कळलं नाही. माझ्या लग्नात त्यांनी भर पंगतीत उभं राहून मठ्ठ्यावर हरकत घेतली होती. आचाऱ्याने मठ्ठा बदलला, तर त्यांनी बदललेल्या मठ्ठ्यावर घेतली. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं, तेव्हा "माझी हरकत नोंदवा" म्हणून ते तपासायच्या टेबलावरून खाली उतरले. यावर काकूंचं मत स्पष्ट होतं. "घरात कोनी इचारत नाय, म्हनून बाहेर हात वर करीत हिंडतो हा मानूस."

मला ते खरं वाटायचं. मी फारसा बोलणारा नाही, त्यामुळे बोलणाऱ्या माणसांबद्दल दुसरे काय म्हणतात त्यावर पटकन विश्वास ठेवतो.

आमचं गाव दिंडोरी रस्त्याला, नाशिकला खेटून. खेटून म्हणजे इतकं की आमच्याकडच्या शेवटच्या कोथिंबिरीच्या वाफ्याला लागून एका इमारतीचं पार्किंग आहे. गावातली निम्मी भावकी शहरात राहायला गेली. मीही त्यातलाच. इंदिरानगरला फ्लॅट, शाळेत कारकुनी, आणि गावी रस्त्याकडेला वडिलांची जमीन नुसती पडून.

प्रश्न तसा सरळ होता. शहर वाढतंय, तर शिवारातली कोणती जमीन शेतीलाच ठेवायची आणि कोणत्या जमिनीवर घरं होऊ द्यायची? हे वरून कुणी ठरवण्याऐवजी ज्यांची जमीन आहे त्यांनीच बसून ठरवावं, अशी एका संस्थेची कल्पना होती. त्यासाठी संस्थेने पुण्याहून एक मॅडम पाठवल्या. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार आणि अतिशय सोशिक. त्या आम्हाला 'हितधारक' म्हणायच्या. पहिल्या दिवशी तात्यांनी त्या शब्दावरही हरकत घेतली. "आधी हित दावा, मंग धरतो," म्हणाले.

मारुतीच्या सभामंडपात मॅडमनी अख्ख्या शिवाराचा नकाशा अंथरला. भलंमोठं फ्लेक्स होतं. त्यावर प्रत्येकाचा तुकडा, बांध, विहिरी, कालवा, सगळं छापलेलं. प्रत्येकाच्या हातात टिकल्या दिल्या. शेती ठेवायची तिथे हिरवी लावायची, घरं होऊ द्यायची तिथे पिवळी. मॅडम म्हणाल्या, "या, नकाशावर या. आपापली जमीन शोधा."

लोक नकाशावर चढणार तोच तात्या ओरडले, "वहाणा काढा! आन असं मधून कुठं चालले? उभ्या पिकातून जातं का कोनी? बांधानं चला!"

सगळे थबकले. मग खरोखरच माणसं फ्लेक्सवरच्या बारीक रेघांवरून, पावलापुढे पाऊल ठेवत, तोल सावरत चालू लागली. केदूनाना अंगाने भरदार. सध्या मुलाकडे नाशिकरोडला असतात. ते एका वळणावर डगमगले आणि त्यांचा पाय शेजारच्या तुकड्यात पडला.

तात्या लगेच म्हणाले, "बघा, याची जुनी सवय! बांध कोरल्याबिगर याला चालताच येत नाय."

"तोंड सांभाळ, दशरथ! त्या बांधाचा निकाल माझ्या बाजूनं लागला हाय!"

"लागला असंल. मी हरकत घेतली व्हती."

मॅडम दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. नकाशावर त्या नेमक्या तात्यांच्या विहिरीत उभ्या होत्या. तात्यांनी त्यांना हात धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी टिकल्या बघितल्या तर कुणालाच काही कळेना. प्रत्येकाने स्वतःच्या जमिनीवर पिवळी लावली होती आणि शेजाऱ्याच्या जमिनीवर हिरवी. आपल्याला भाव मिळावा आणि समोर मात्र शेत दिसावं, असा एकंदर विचार. प्रत्येक तुकडा एकाच वेळी पिवळाही होता आणि हिरवाही. मॅडम नकाशाभोवती फेऱ्या मारत म्हणत होत्या, "म्हणजे नक्की काय ठरलं?"

माझं तर मलाच ठरवता येत नव्हतं. मी आधी माझ्या तुकड्यावर पिवळी लावली. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिच्यावर हिरवी चिकटवली. निघताना नखाने ती हिरवी अर्धी सोलली.

स्वतःच्या जमिनीवर हिरवी लावणारे एकटे तात्या. लोकांना वाटलं, चला, म्हातारा शेतीच्या बाजूचा आहे. पण पुढच्या बैठकीला त्यांनी ती काढून पिवळी लावली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा हिरवी.

याला कारण होता मॅडमचा एक नियम. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय आराखडा पुढे पाठवायचा नाही. तात्यांनी तो नियम त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.

"एकाची बी हरकत आसली तरी परत बैठक?"

"हो, काका."

"सगळ्यांना बोलावून?"

"सगळ्यांना बोलावून."

"मंग नोंदवा."

त्यानंतर हरकतींना अंतच राहिला नाही. नकाशात कालवा फार निळा दाखवलाय, एवढं निळं पाणी त्याला कधी आलं होतं? उत्तरेचा बाण मारुतीच्या तोंडावर रोखलाय, तो तिकडे फिरवा. ओढ्याकाठचं उंबराचं झाड कुठंय? मॅडमनी नकाशात झाड काढून आणलं, तर ते उंबराचं दिसत नाही, वडाचं दिसतं, ही हरकत. दर वेळी सगळ्यांना फोन जायचे. नाशिकरोडहून, सातपूरहून, पंचवटीतून माणसं यायची, चिडत सतरंजीवर बसायची. एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, जुनी भांडणं काढायची, भेळभत्ता खायची आणि काहीही न ठरता परत जायची.

तात्यांना शेती ठेवायची आहे की विकायची, यावर गावात दोन तट पडले. मी दोन्ही तटांत होतो. सकाळी मला वाटायचं म्हातारा भाव वाढवतोय, संध्याकाळी वाटायचं त्याला शिवार वाचवायचंय.

शेवटी केदूनाना वैतागले. "हा म्हातारा आपल्याला मरेस्तोवर या सतरंजीवर बसवनार. सुधाकर, तुझं ऐकतो तो. तू जाऊन बोल."

खरं सांगायचं तर मलाही ते उरकायला हवं होतं. माझ्या जमिनीला गिऱ्हाईक विचारून गेलं होतं. आराखड्यात पिवळी येते का बघतो आणि कळवतो, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. हे मी बैठकीत कधीच बोललो नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

दुपारच्या उन्हात मी तात्यांच्या रानात गेलो. ते टोमॅटोची झाडं सुतळीने तारेला बांधत होते. मला बघून त्यांनी हातातली सुतळी टाकली, बांधावर पोतं अंथरलं आणि काकूंना चहासाठी हाक मारली. चहा पिताना मी विषय काढला. लोक दमलेत, मॅडम दमल्यात, आता सहमती द्या.

तात्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सहमती दिली म्हंजे बैठका बंद?"

"छे हो. उलट आता खरं काम सुरू होईल. समिती नेमतील. दर महिन्याला सगळे जमतील."

"केदू बी?"

"केदूनाना पण."

"सातपूरचा निवृत्ती?"

"तोही."

एकेक नाव ते विचारत गेले आणि मी हो म्हणत गेलो. समिती वगैरे काही नव्हती. मॅडमचं काम आराखडा पाठवला की संपणार होतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी माझ्या तोंडून हो निघत राहिलं. मला तेव्हा वाटलं, म्हातारा अटी घालतोय.

पुढच्या बैठकीत तात्या उभे राहिले, तेव्हा मॅडमनी सवयीने डोळे मिटले. तात्या म्हणाले, "मी सहमत हाय." क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग टाळ्या झाल्या. कालव्याकडची बाजू हिरवी, रस्त्याकडची पिवळी. तात्यांचं रान हिरव्यात गेलं, माझं पिवळ्यात. फोटो निघाला. मॅडम जाताना तात्यांच्या पाया पडल्या. लोक चहा न घेताच गाड्यांकडे निघाले. आराखडा पुढे गेला. पुढे म्हणजे कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.

मग उन्हाळा गेला, पाऊस झाला. माझा व्यवहारही झाला. गावाकडून फोन येणं थांबलं आणि एकदा अचानक तात्यांचा आला. "रविवारी बैठक हाय. सगळ्यांना सांगितलंय." काय बैठक, कसली बैठक, मला काही उमजेना. जायचं नाही असं ठरवून मी रविवारी पेपर वाचत बसलो होतो, तेवढ्यात काकूंचा फोन. त्या कधी फोन करत नाहीत. म्हणाल्या, "सुधाकर, येऊन जा रे. सकाळपासून तिथंच बसलाय. जेवायला बी येत नाय."

मंडप झाडलेला होता. सतरंज्या काठाला काठ जुळवून अंथरल्या होत्या. तात्या एकटेच मध्ये बसले होते.

"बाकीचे कुठायत?" मी विचारलं.

"येतील. रस्त्याला गर्दी असंल."

मी खांबाला टेकून बसलो. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एखादी हळू झाली की तात्या मान वळवायचे. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मला राहवेना.

"तात्या, समितीचं मी खोटं सांगितलं होतं."

"म्हाईत व्हतं."

"कधीपासून?"

"तव्हाच. निवृत्तीचा पाय तव्हा नुकताच मोडला व्हता, तो कुठून येनार व्हता दर महिन्याला? तरी तू हो म्हनाला."

"मग सहमती का दिलीत?"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच बाळबोध प्रश्न विचारला होता.

"तुझा बाप गेला तव्हापासून तू रानात आला नव्हतास, सुध्या. त्या दिवशी उन्हाचा आला, बांधावर बसला, चहा पिला. आन त्यावर मी नाय म्हनू?"

जमीन विकल्याचं सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

"आता तिथून ऊठ," तात्या म्हणाले. "ती केदूची जागा हाय. त्याची पाठ धरती, त्याला खांब लागतो. निवृत्ती दाराजवळ बसतो, त्याला पाय लांब करता येतो. तू इकडं ये, माझ्या अंगाला."

मी उठलो. खांबाजवळची सतरंजी चुरगळली होती, ती त्यांनी हाताने सरळ केली, आणि मी त्यांनी दाखवलेल्या जागी जाऊन बसलो.