ठवकरकाकांचं फिनिशिंग

ठवकरकाकांच्या घरात शिरायचं असेल तर आधी दारात हात पसरून उभं राहावं लागतं. मग ते रुंद चिकटपट्टी पंज्याला उलटी गुंडाळतात आणि आपल्या बाह्यांवरून, पाठीवरून टपटप फिरवतात. बाई असली की पट्टी तिच्याच हातात देतात आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून सूचना सोडतात, "खांद्यावर. आता ओढणीचं टोक. टोक सोडू नका, सगळा कचरा टोकातच राहते." झालं की पट्टी उजेडात धरून तपासतात.

"हे पाहा, लाल धागा. हा माझ्या पांढऱ्या क्लेवर बसला असता तर?"

तर काय झालं असतं, हे विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

आम्ही समता कॉलनीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. नवऱ्याच्या बदलीमुळे मी नागपूरहून इथं, हिंदी मुलखात आले, तेव्हा खालच्या घरातून मराठी ऐकू आलं म्हणून हरखून पुरणपोळ्या घेऊन गेले होते. काकांनी पोळी दोन बोटांनी उचलली, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली आणि काठावरून नजर फिरवली. "चव चांगलीच असंन. पण काठ फाटला आहे ताई. फिनिशिंग नाही." मग चारही पोळ्या खाल्ल्या.

शहराबाहेर, उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं माल तपासला. लोखंडी अँगल, पट्ट्या, सळया. एक डोळा मिटून मालाच्या लांबीवरून पाहायचं आणि एकच शब्द बोलायचा: पास, नाहीतर वापस. निवृत्त झाले, पण शब्द राहिले. भाजीवाल्याची भेंडी वापस. न्हाव्यानं उजवा कल्ला सुतभर वर घेतला, तर दुकानातून उतरलेले काका पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. कॉलनीतल्या एका लग्नात वरमाला घालून झाल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले होते, "माल दोन्हीकडचा बरा आहे. जोड बसत नाही." ते लग्न पुढे वर्षभरही टिकलं नाही, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसायला लोक घाबरू लागले.

काकू पुण्याला मुलाकडे दोन महिन्यांसाठी गेल्या, त्याला आता चार वर्षं झाली. नात लहान आहे, असं काका सांगतात. तीच नात एकदा सुट्टीत आली आणि जाताना पॉलिमर क्लेचं, म्हणजे भाजली की कडक होणाऱ्या रंगीत मातीचं, पाकीट इथंच विसरली. सोबत एक अर्धवट हत्ती होता. काकांनी तो खिडकीशी नेला. पाठीवर बोटांचे ठसे, पोटाला केस, सोंडेवर धूळ. "पोट्टीनं आकार बरा धरला. पण असं सोडते का कोणी?" असं म्हणत ते जे बसले, ते अजून बसलेलेच आहेत.

आता त्यांच्या पुढच्या खोलीत भर मे महिन्यातही खिडक्या बंद आणि पंखा बंद. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की गच्चीवरचे पापड काळे होतात, तिथं पांढऱ्या क्लेचं काय होणार? काका घाम टिपत, रबरी हातमोजे घालून, गोळीएवढं सीताफळ वळतात. वळून झालं की कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसतात. ओव्हनवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून आत वेगळा थर्मामीटर टांगलेला आहे. भाजून गार झालं की ते सीताफळ पाण्याच्या वाडग्यात बुडवून वॉटर पेपरनं घासायचं. आधी चारशे नंबर, मग सहाशे, मग हजार, मग दोन हजार. शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्यानं चमक आणायची. दोन दिवस एका सीताफळाला. "दुकानात ठेवलं तर मशीनचं वाटलं पाहिजे," ते म्हणतात. "माणसाचा हात लागला हे कळलं, की माल गेला."

लोक हळूहळू येईनासे झाले. बरं झालं, धूळ कमी झाली, असं काका म्हणाले.

दिवाळीला त्यांनी मला कानातले दिले होते. निळे, काचेसारखे गुळगुळीत. मी ते घालून ऑफिसला निघाले, तर जिन्यात काका भेटले. थांबले. डोळा मिटला. "ताई, डावा द्या जरा." मी दिला. "उजवाही द्या." मला एकही ओरखडा दिसत नव्हता. कानातले आठ दिवसांनी परत आले आणि त्या आठ दिवसांत जिन्यात मला पाहिलं की काका शरमेनं खाली बघायचे.

गेल्या हिवाळ्यात मात्र काका लोकांचे हात पाहू लागले.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. भाजीवाल्याला सुटे देताना त्यांनी त्याचा पंजा धरून ठेवला. वॉचमनला म्हणाले, "मूठ मिटा. आता उघडा. सावकाश." माझ्या नवऱ्याचा तळवा उलटा करून त्यांनी पाच मिनिटं पेराच्या मागच्या सुरकुत्या मोजल्या आणि "तुम्ही ऑफिसातले, तुमचा काही कामाचा नाही," म्हणून सोडून दिला. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाईंचा हात त्यांनी धरला. फक्त नखं पाहायला. बाई किंचाळल्या. रात्री जेवायच्या आत बातमी सगळ्या कॉलनीत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी दोन गृहस्थ माझ्याकडे आले. "भाभीजी, आप मराठी हैं, आप ही समझाइए."

मी समजवायला खाली गेले. पट्टी फिरवून घेतली. काका टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"काका, लोक काय बोलून राहिले माहीत आहे का?"

"माहीत आहे. बसा. हे पाहा आणि खरं सांगा."

त्यांनी स्टीलचा डबा उघडला. आत कापसावर माणसाची दोन बोटं होती.

मीही किंचाळले.

"म्हणजे जमलं," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला नाही. बोटं त्यांनी माझ्यापुढे धरली, तेव्हा दिसलं की ती पोकळ आहेत, टोपणासारखी. रंग सावळा, गव्हाळ, पेरावर जरा गडद. तरीही काहीतरी चुकलेलं होतं. इतकी गुळगुळीत बोटं जिवंत माणसाला नसतात.

"मेल्यासारखी वाटून राहिली न?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि मग मला संतरामबद्दल कळलं.

संतराम निषाद त्यांच्या मिलमध्ये कामगार होता. बारा वर्षांपूर्वी अँगल सरळ करायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, मधलं आणि करंगळीजवळचं. तो महिन्याभरापूर्वी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. पत्रिका त्यानं डाव्या हातानं दिली. उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला. "देताना म्हणाला, साहब, गलत हाथ से दे रहा हूँ, माफ करना," काका सांगत होते. "मुलीचं लग्न आहे. फोटो निघतीन. माणूस काय गमछ्यात हात घालून उभा राहीन?"

संतरामनं बोटं मागितली नव्हती. काकांनीच त्याला रविवारी बोलावलं. मीही चहा घेऊन खाली गेले, खरं म्हणजे उत्सुकतेपोटी. पन्नाशीचा, रोड, संकोचलेला माणूस दारात हात पसरून उभा होता आणि काका त्याच्यावरून पट्टी फिरवत होते. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग काकांनी त्याचा उजवा हात टेबलावर घेतला. दोरा गुंडाळून खुंटांची मापं घेतली, डाव्या हाताच्या बोटांशेजारी रंगाच्या गोळ्या ठेवून पाहिल्या. संतराम दुसरीकडे बघत होता. काका त्याच्या हाताकडे असे बघत होते की मला तिथं बसवेना.

पुढचे पाच रविवार हेच चाललं. आता अडचण उलटी होती. गुळगुळीत करायला शिकलेल्या माणसाला खरखरीत करायचं होतं. काकांनी दाभणाच्या टोकानं पेरावरच्या घड्या काढल्या. जुन्या ब्रशनं ठोकून कातडीची छिद्रं उमटवली. नखाला पिवळट छटा दिली आणि एका नखाचा कोपरा मुद्दाम तोडला. बोट जिथं खुंटावर बसतं तिथला जोड लपवायला तांब्याच्या साध्या अंगठ्या केल्या. केलेलं पुन्हा पुन्हा मोडलं. "तेहतीस वर्षं दोष काढले ताई," एकदा ते म्हणाले, "आता घालून राहिलो. घालायला जास्त वेळ लागते."

सहाव्या रविवारी बोटं बसली. संतरामनं हात उजेडात धरला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, तरी मला खरं-खोटं सांगता आलं नसतं. त्यानं मूठ मिटायचा प्रयत्न केला. ती दोन बोटं ताठ राहिली.

"बहुत बढ़िया है साहब," तो म्हणाला. मग हळूच, "कुछ लगता नहीं इसमें. ठंडा-गरम."

काकांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "संतराम, उस दिन माल मैंने वापस भेजा था."

संतरामनं उजेडात धरलेला हात खाली टेबलावर ठेवला.

"एक सूत वाकडा होता," काका आता माझ्याकडे बघून बोलू लागले, जणू त्याला सांगणं जमेना. "फक्त एक सूत. कोणत्या तरी शेडच्या पत्र्याखाली जाणार होता तो अँगल. कोणी पाहणार नव्हतं. पाळी संपत आली होती, पोट्टे घरी जायच्या घाईत होते. सुपरवायझर म्हणाला, जाऊ द्या ठवकर. मी म्हटलं, पुन्हा मशीनवर चढवा."

संतराम बोटांकडे बघत होता. मराठी त्याला समजत असावं. उरल्यात बारा गावचे लोक काम करतात.

"हव साहब," तो मान डोलावून म्हणाला. "मालूम है. वापसी की पर्ची पे आपका ही दस्तखत था."

"मालूम था? बारह साल से?"

"हव."

"फिर कार्ड काहून आणलं?" काकांच्या तोंडून मराठीच निघालं.

संतरामनं जरा विचार केला. "मिल से और किसको देता? अस्पताल में और कौन आता था?"

चहा तिघांचाही गार झाला. मी कप उचलले आणि वर निघून आले.

लग्न संतरामच्या गावी होतं, सिलतऱ्याच्या पुढे. दुपारच्या विधीला काकांना मीच गाडीतून घेऊन गेले. काकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि रस्ताभर ते बोटांबद्दलच बोलत होते: उन्हात रंग वेगळा दिसेल का, फोटोवाला फ्लॅश मारेल का. मांडवात संतराम आम्हाला सामोरा आला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. उघडे. गमछा खांद्यावर. काकांनी एक डोळा मिटला, मग उघडला. ते पास होतं.

मग टिकावन सुरू झालं. तिकडे नवरा-नवरीला पाटावर बसवून घरची माणसं हळदीतले पिवळे तांदूळ कपाळाला लावतात आणि आहेर ठेवतात. पहिला मान आईबापाचा. संतरामनं ताटलीत हात घातला, तांदूळ चिमटीत धरले आणि ते सुटून खाली पडले. पुन्हा धरले, पुन्हा पडले. ताठ बोटं मध्ये येत होती. फोटोवाला म्हणाला, "भैया, थोड़ा जल्दी." लोक बघत होते. काका माझ्या शेजारी उभे होते, आणि त्यांची बोटं हवेतच चिमूट धरत होती.

मुलीनं मान वर केली. तिनं बापाचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि दोन्ही बोटं अंगठ्यांसकट हळूच ओढून काढली. "एला रहन दे न बाबू," राहू दे हे, असं ती बापाला म्हणाली आणि ती बोटं तिनं आपल्या मांडीवर ठेवली. संतरामनं उरलेल्या बोटांनी तांदूळ उचलले आणि खुंटाचा आधार देऊन तिच्या कपाळाला दाबून लावले. फ्लॅश तेव्हाच पडला.

काका मागे सरकू लागले. खुर्च्यांच्या रांगेपर्यंत पोचले होते, तेवढ्यात संतरामनं हाक मारली, "साहब! आप भी आइए."

"नाही, घरच्यांचं होऊ द्या," काका म्हणाले. पण तो येऊन त्यांना घेऊनच गेला. काकांनी तांदूळ घेतले. त्यांचा हात इतका कापत होता की मुलीच्या कपाळापर्यंत जाईना. संतरामनं आपला उजवा पंजा त्याच्याखाली धरला आणि दोघांनी मिळून तांदूळ लावले. ते जरा वाकडे लागले, भुवईच्या वर. मुलगी काकांच्या पायाशी वाकली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायचंच विसरले. शेवटी रांगेत मागे थांबलेल्या बाईंनी आवाज दिला.

जेवणाची पंगत उठल्यावर आम्ही परत निघालो. ट्रकांच्या रांगेत आम्ही बराच वेळ अडकलो, तेव्हा काका एकदम म्हणाले, "खूप गरम हात आहे त्याचा."

मी नुसतं हो म्हटलं.

घरी आल्यावर मी जिन्याकडे वळले. काका खालच्या पायरीवर बसले.

"काका, आत जा न. दमलात तुम्ही."

"तुम्ही चाला ताई. मी बसतो जराशीक इथं." मग थोडं थांबून, "तुम्हाले घाई नसंन तर बसा."

माझा स्वयंपाक व्हायचा होता. मी पर्स बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.