‘कोण म्हणालं?’ विचारणारे खराडे सर

खराडे सरांना तुम्ही “आज लय उकडतंय” म्हणालात, तरी ते कपाळावरचा घाम पुसत विचारणार, “कोण म्हणालं?”

गंमत म्हणून नाही, खरंच विचारणार. “मीच म्हणतोय की,” असं सांगितलंत की मान हलवून म्हणणार, “मग तसं सांगा. स्वतःचा अनुभव. चालेल.” स्वतः बोलतानाही तीच शिस्त. एकदा इस्लामपूरच्या स्टँडवर मला म्हणाले, “सांगलीची गाडी लागली. इति पेपरवाला. मी पाहिलेली नाही.” गाडी त्यांच्या मागेच उभी होती. सर तिच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलत होते.

सर आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांनी माहीत करून घ्यावा. शिकवाल तेवढ्याच तासांचा पगार, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत. वर्षानुवर्षं त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, नव्या नवरीसारखं बसायचं. सकाळी सांगलीत एक कॉलेज, दुपारी आमचं, मधला वेळ मोटारसायकलवर. त्यामुळे सर वर्गातही एका जागी ठरायचे नाहीत. फळ्यापासून खिडकी, खिडकीपासून शेवटचा बाक, सतत फेऱ्या. चाळिशी उलटली तरी लग्न नाही. स्थळं यायची. पहिला प्रश्न, “कायम आहात का?” सर खरं सांगायचे आणि मुलीकडचे कपातला चहा तसाच टाकून उठायचे. या एका प्रश्नापायी किती संसार उभेच राहिले नाहीत, याचा हिशेब सरकारनं कधी दिलाय?

मी विद्यार्थी संघटनेत काम करते. निवेदनं देते, पत्रकं लिहिते. कुठलंही पत्रक छापायच्या आधी सरांना दाखवायचे आणि पहिल्याच ओळीला त्यांचं तांबडं पेन अडायचं.

“‘हजारो विद्यार्थ्यांचा संताप’. कोण म्हणालं?”

“सर, चळवळीत असंच लिहितात.”

“संताप कॅन्टीनमध्ये बसलेल्या सात-आठ जणांचा आहे. मी आत्ताच बघून आलो. त्यांची नावं घाल. हजारांना कोणी भीत नाही गं. नावांना भितात.”

मला राग यायचा. गावात मुक्कामी एसटी येत नाही, पोरी शिक्षण सोडतायत, आणि हा माणूस संदर्भ मागतोय!

नव्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला शोधप्रकल्प सक्तीचा झाला आणि सरांच्या अंगात आलं. पोरं सरळ मोबाइलवरून उतरवून आणायची.

“हे कोण म्हणालं, स्वप्नील?”

“मोबाइल, सर.”

“आणि मोबाइलला कोण म्हणालं?”

“आता ते मी त्याला कसं इचारू, सर?”

मग सरांनी फर्मान काढलं : स्वतःच्या शब्दांत लिहा. पोरांनी इमानदारीनं शब्द बदलले. ‘दुष्काळी पट्टा’चा ‘अवर्षणग्रस्त कमरबंद’ झाला. साखर कारखान्याचा ‘गळीत हंगाम’ होता, त्याचा ‘गळका मोसम’. सरांनी ते वाचलं, बाकावर बसले आणि पाणी मागितलं. सर मूळचे औंधचे. संतापले की भाषा घरी जायची. “अरं गड्या, दुसऱ्याच्या शर्टाची बटणं बदलली म्हणून शर्ट तुझा हुतो व्हय रं?”

दुसऱ्या दिवसापासून नवी पद्धत. उतारा वाचायचा, पुस्तक मिटून सरांकडे द्यायचं, कॅन्टीनला जायचं आणि वाचलेलं सुलामावशीला सांगायचं. मावशी वडे तळता तळता ऐकायच्या. त्यांना कळलं तर परत येऊन लिहायचं आणि खाली मूळ लेखकाचं नाव टाकायचं. नाही कळलं तर मावशी झारा हलवत तिथूनच ओरडायच्या, “सर, ह्येला सोताला काय कळल्यालं न्हाई! परत धाडा!” प्राचार्यांनी या प्रकाराला हरकत घेतली. कॅन्टीनचा धंदा वाढला म्हणून मावशींनी घेतली नाही.

आमच्या वर्गात आटपाडीकडची रेश्मा शेंडगे होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडं डाळिंब. तिनं मेंढपाळांच्या वाटांवर लिहिलं : पावसाळा सरला की कुठून निघायचं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, बदल्यात काय मिळायचं. मावशींनी ते ऐकताना वड्यांचा घाणा करपवला, यावरून काय ते समजा. त्यात एक वाक्य होतं : ‘आमाला गाव इचारू नगा, म्हैना इचारा. कुटल्या म्हैन्यात कुटं, ते सांगतो.’

सर थांबले. “हे कोण म्हणालं?”

“माजं चुलतं, सर. बिरूआप्पा.”

“मग नाव कुठंय?”

“आवं सर, घरातलंच बोलणं ते. आप्पा काय पुस्तक हाय व्हय?”

“व्हय,” सर म्हणाले. “हाय.”

आणि त्यांनी तिला लिहायला लावलं : बिरू शेंडगे, मेंढपाळ, मुक्काम अमुक, अमुक महिन्यात प्रत्यक्ष सांगितलेलं. संदर्भयादीत मोठमोठ्या विद्वानांच्या रांगेत आप्पा जाऊन बसले. रेश्मानं त्या पानाचा फोटो काढून घरी पाठवला.

एप्रिलमध्ये कॉलेजची स्मरणिका निघणार होती. मुद्रितं तपासायचं काम अर्थातच तासिकावाल्याला, फुकट. त्यात संस्थेच्या सचिवांचा लेख होता. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण घालू नको असं वकील म्हणाले. इति वकील. लेखाचं शीर्षक ‘माझ्या मातीची माणसं’. मजकूर रेश्माचा, परिच्छेदच्या परिच्छेद. ‘आम्हाला गाव विचारू नका, महिना विचारा, असं मी लहानपणापासून म्हणत आलो’! साहेब जन्मले उसाच्या बागायतीत. मेंढरू त्यांनी पाहिलं असेल ते ताटात.

बसपासचं निवेदन घेऊन मी त्यांच्या केबिनमध्ये उभी होते, तेव्हाच सर मुद्रितं घेऊन आले.

“साहेब, लेखात एक तळटीप राहिलीय.”

“राहू दे की.”

“मजकूर रेश्मा शेंडगेचा आहे. त्यातलं बोलणं तिच्या चुलत्यांचं.”

सचिव हसले. “खराडे, कॉलेज आपलं, पोरगी कॉलेजची. मग लेख कुणाचा?”

“बिरूआप्पांचा,” सर म्हणाले.

साहेबांचं हसू तिथंच थांबलं. “जून जवळ आला, खराडे. मुलाखती हायत.”

सर बाहेर आले आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. मी म्हटलं, “सर, मोर्चा काढू. आजच पत्रक काढते.” ते म्हणाले, “थांब जरा.” मग तिथंच कठड्यावर कागद टेकवून त्यांनी तांबड्या पेननं तळटीप लिहिली, मुद्रितं उचलली आणि स्वतः छापखान्यात देऊन आले.

प्रकाशनाला बाहेरगावचे पाहुणे होते, भले गृहस्थ. त्यांनी स्मरणिका उघडली, सचिवांच्या लेखाचं तोंड भरून कौतुक केलं आणि खालची तळटीप माइकवर मोठ्यानं वाचली. वर म्हणाले, “वा! असा दिलदार लेखक विरळा. ही मुलगी आणि तिचे चुलते आले असतील तर उभं राहावं.” मागच्या रांगेतून बिरूआप्पांचा तांबडा पटका उभा राहिला. टाळ्या थांबेनात. सचिवांनाही वाजवाव्या लागल्या.

जूनमध्ये तासिकांची यादी लागली. सरांचं नाव नव्हतं. त्याच आठवड्यात सांगलीचं कॉलेजही सुटलं. तिथंही संस्था तीच.

मी चिडून पत्रक लिहिलं आणि ते घेऊन औंधला गेले. यमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरांच्या भावाचं दुकान आहे. कसलं, तर झेरॉक्सचं! सर मशीनजवळ उभे होते. एक पोरगा गाइड घेऊन आला.

“हे कुणाचं आहे?” सरांनी विचारलं.

“मित्राचं.”

“लिहिलंय कोणी, ते विचारतोय.”

पोरगा गाइड उचलून निघून गेला. आतून भाऊ ओरडला, “दादा, गिऱ्हाईक पळवू नगंस की रं!”

मी पत्रक पुढं केलं. सरांनी खिशातून तांबडं पेन काढलं. मशीन ते भिंत, भिंत ते मशीन, फेऱ्या मारत वाचायला लागले. ‘हजारो’ गेले. ‘जुलमी’ गेलं. ‘इतिहास माफ करणार नाही’ याच्यापुढं नेहमीचा प्रश्न पडला. मग शेवटची ओळ आली : ‘खराडे सरांवाचून वर्ग ओसाड पडला आहे.’

पेन थांबलं. सरही थांबले. त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“हे... हे कोण म्हणालं?”

“रेश्मा म्हणाली,” मी म्हटलं. “स्वप्नील म्हणाला. सुलामावशी म्हणाल्या, पोरं आता नुसती खात्यात, कोण काय सांगत न्हाई. आणि बिरूआप्पांचा फोन होता. मास्तर कुटल्या म्हैन्यात येणार, म्हणून विचारत होते.”

सरांनी कागद मशीनवर ठेवून सरळ केला.

“आणि मी,” मी म्हटलं.

“तू कधी म्हणालीस?”

“आत्ता.”

“मग तसं लिही,” ते म्हणाले. “सगळ्यांची नावं घाल. तुझ्यापुढं लिही, स्वतःचा अनुभव. चालेल.”

आणि ते पेनाचं टोपण शोधायला लागले. काउंटरवर पाहिलं, खिशात पाहिलं, वाकून मशीनखाली पाहिलं. टोपण पेनाच्या मागच्या टोकाला होतं. मी त्यांना शोधू दिलं.