अटी वाचणारे अन्वरभाई

१९ मे २००८. सकाळपासून मी ओल्या कागदावर कपाशीचं बी शंभर-शंभर मांडत होते. पेरणी तोंडावर आली की जुन्या जालन्यातल्या आमच्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत चहालाही कोणी बसत नाही. अन्वरभाई मात्र मांडीवर शब्दकोश घेऊन संगणकावर परवान्याच्या अटी वाचत होते. कालपासून.

अन्वरभाई आमचे संगणकवाले. आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे, पंचेचाळिशीनंतर संगणक शिकले. अहवाल छापायचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. त्यात उगवणीचे आलेख काढणारा एक तयार भाग होता, त्याला ते लायब्ररी म्हणत. डेन्मार्कच्या पीटर नावाच्या माणसाने तो सगळ्या जगाला फुकट दिला होता. त्याचीच नवी आवृत्ती आली होती.

जग डोळे झाकून 'मान्य' दाबतं. अन्वरभाई एसटीच्या तिकिटामागचंही वाचतात.

"निकाहातबी सगळं सांगून, तीनदा इचारून मंग कबूल घेतात, मॅडम. इथं एका बोटात कबूल?"

"अन्वरभाई, बी उगवून वाळेल तोवर."

"आठव्या पानावर हाय. वाचून राह्यलो ना."

दुपारी ते नमाजाला गेले आणि मी बटण दाबून मोकळी झाले.

पहिल्याच अहवालावर इंग्रजीत तिरकी ठळक अक्षरं उमटली: चाचणी प्रत, व्यवसायासाठी नाही. दुसऱ्यावरही तेच. लायब्ररी आता विकतची झाली होती आणि संगणकातली जुनी पुसली गेली होती. दुसऱ्या दिवशी दहाला बियाणे कंपनीचा माणूस चाळीस अहवाल न्यायला येणार होता. अहवालाशिवाय त्यांची पोती गोदामाबाहेर पडत नाहीत. मी उगीच प्रिंटर बंद करून चालू केला. दोनदा.

अन्वरभाईंनी येऊन कागद पाहिला.

"दाबलं?"

"दाबलं."

"नवव्या पानावर हेच असंल."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कपाटातून शेवयांचा पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या लायब्ररीची सीडी आणि तिच्या अटींचा छापील कागद. "ही ज्या अटीवर दिली, ती अट कायमची. नवीन त्याची, जुनी आपली. बिलकुल."

संध्याकाळपर्यंत चाळीसही अहवाल स्वच्छ निघाले. अन्वरभाई मात्र फडक्याने सीडी पुसतच बसले.

"आठ वर्सं फुकट देणारा माणूस, मॅडम. आता कंपनीला इकून टाकलं म्हणं. घरात कुणी बिमार असंल. दर ईदला मी लिवतो, त्याच दिवशी जवाब येतो. गेल्या ईदला न्हाई आला."

डब्यात पीटरची छापून ठेवलेली उत्तरं होती. सगळ्यात वरचं, भाभी, म्हणजे अन्वरभाईंची बायको, वारल्या तेव्हाचं. त्याने पानभर लिहिलं होतं. आम्ही दोन दिवसांची रजा दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीचा माणूस यायच्या आत, मी पीटरला पत्र टाइप केलं. लायब्ररीचा विषय काढला नाही. तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत, अन्वरभाई वाट पाहतात, एवढंच. अन्वरभाईंनी शब्दकोश घेऊन ते शेवटपर्यंत वाचलं. पाठवू का, म्हणून मी तीनदा विचारलं आणि मगच बटण दाबलं.