मामांचे डावपेच आणि बाजारचौकातला लाल दिवा

"या शहरात माझ्या नजरेखालून न जाता एकही गुन्हा घडू शकत नाही!" मामांनी जाहीर केलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

कप ज्या कागदावर ठेवला, ती वाहतूक खात्याची नोटीस होती. परवापासून ती टेबलावर पडली होती आणि परवापासून मामा तिच्यावर कप ठेवत होते. भाचीनं कप उचलला, कागद झटकला आणि वाचता वाचता मटकन खुर्चीत बसली.

"मामा, आपल्या गाडीनं मंगळवारी दुपारी बाजारचौकात लाल दिवा तोडलाय म्हणे."

"अस्सं!" मामांचे डोळे चमकले. "म्हणजे केस आली."

निवृत्त होण्यापूर्वी मामा छत्र्यांच्या कारखान्यात काड्या तपासत. काडी सरळ की वाकडी हे ते नुसत्या नजरेनं सांगत. निवृत्तीनंतर माणूस सरळ की वाकडा हेही सांगायचा अधिकार त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केला आणि दारावर 'खासगी गुप्तहेर' अशी पाटी लावली. पाटी इतकी मोठी होती, की गुप्त असं काही उरलंच नाही. गाडी मात्र त्यांनी भाचीच्या नावावर घेतली. शत्रूंना आपला माग लागू नये, हे एक कारण. मामांकडे परवानाच नव्हता, हे दुसरं. परीक्षेच्या दिवशी त्यांनी गाडी मागे घेताना परीक्षकांची खुर्ची बरोबर घेतली होती, परीक्षकांसकट. त्यामुळे गाडी भाची चालवायची, पाठलागही तीच करायची आणि मामा मागच्या सीटवर बसून 'डावीकडे! नाही, माझ्या डावीकडे!' असं मार्गदर्शन करायचे.

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण भाचीचा परवाना अजून पहिल्या वर्षातला, म्हणजे कच्चा होता. कच्च्या परवान्यावर लाल दिवा तोडल्याचं शाबीत झालं, की परवाना रद्द आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. आणि तिला रक्तपेढीची गाडी चालवायची नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं, परवान्यासकट.

"पण मंगळवारी दुपारी तर मी रक्तपेढीत मुलाखत देत होते," भाची म्हणाली. "गाडी तुझ्याकडे होती."

मामांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

मंगळवारी कुंड्यांच्या चोरीची केस चालू होती. इमारतीच्या जिन्यातल्या कुंड्या नाहीशा होत होत्या आणि मामांचा संशय समोरच्या रस्त्यावरच्या न्हाव्यावर होता, कारण त्याच्या दुकानात दोन झाडं होती. भाचीनं गाडी दुकानासमोर, आखलेल्या रेषेच्या आत, नीट लावली. मग मामांनी 'छद्मावरण' केलं. खिडक्यांना आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली, टपावर पालापाचोळा पसरला, नंबर सोडून सगळीकडे धूळ चोळली. बघणाऱ्याला वाटावं, गाडीला वर्षानुवर्षं कुणी वाली नाही. आत मागच्या सीटवर मामा दुर्बीण घेऊन बसले. भाची मुलाखतीला चालत गेली. परत आली, तर गाडी तिथं नव्हती. पलीकडच्या गल्लीत होती. मामा गाडीबाहेर उभे राहून डोळे चोळत होते.

"डावपेच म्हणून जागा बदलली," ते तेव्हा म्हणाले होते.

ते वाक्य आता भाचीला आठवलं. ती मामांकडे बघत राहिली.

"मामा, जागा बदलली म्हणजे गाडी तू चालवलीस?"

"डावपेचाचा तपशील उघड करता येत नाही."

आतल्या खोलीतून भाचीची आई, म्हणजे मामांची ताई, ओला हात पदराला पुसत आली. "डावपेच गेले चुलीत. गाडी चालवलीस की नाही ते सांग."

"ताई, तू यात पडू नकोस. हे प्रकरण दिसतं तितकं साधं नाही. खरा गुन्हेगार मी शोधून काढतो."

पहिला सिद्धांत असा, की शहरात आपल्या गाडीची जुळी बहीण फिरते आहे. कुणीतरी तोच नंबर रंगवून घेतला आहे. मामांनी भाचीला घेऊन आसपासच्या सगळ्या पांढऱ्या छोट्या गाड्या तपासल्या. एका गाडीच्या नंबरावरचा रंग खोटा असल्याची त्यांची खात्री पटली आणि त्यांनी तो नखानं खरवडून पाहिला. गाडी एका निवृत्त पैलवानाची निघाली. सिद्धांत तिथेच आटोपला आणि भाचीनं त्या दिवशी वेगमर्यादा न ओलांडता जितकं वेगानं जाता येतं, तितक्या वेगानं घर गाठलं.

दुसरा सिद्धांत, सिग्नलच खोटारडा आहे. मामा बाजारचौकात उभे राहून हिरवा किती वेळ, पिवळा किती वेळ ते पुटपुटत बसले. पिवळा जवळून पाहावा म्हणून दुसऱ्या बाजूला गेले, ते नेमके पादचाऱ्यांचा दिवा लाल असताना. शिपायानं शिट्टी मारली.

"आजोबा, दिवा दिसत नाही का?"

"दिसतो म्हणून तर आलोय! त्याचीच चौकशी चालू आहे."

"करा, पण फुटपाथवरून करा."

आजोबा म्हटल्याचा घाव मामांच्या जिव्हारी लागला. शिपाईही कटात सामील आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे ताडलं.

तिसरा सिद्धांत न्हाव्याचा. कुंड्यांची भानगड उघडी पडू नये म्हणून त्यानंच हे बालंट रचलं. मामा तावातावानं दुकानात शिरले. तासाभरानं बाहेर आले, तेव्हा त्यांचे केस कापलेले होते, मिशीला आकार आला होता आणि ते म्हणत होते, "माणूस तसा बरा आहे."

या सगळ्या काळात भाची एकच गोष्ट सांगत होती. "मामा, नोटिशीबरोबर फक्त नंबरपट्टीचा फोटो आलाय. आख्खं चित्रीकरण बघायचा मला हक्क आहे. खाली लिहिलंय बघ. ते दाखवल्याशिवाय मी काहीही कबूल करायचं कारण नाही."

"पुरावा बघितला की तर्काची धार जाते," मामा म्हणत. "गवंडी भिंत बघून वीट मागतो. आपण विटेवरून इमारत सांगतो."

"इमारत राहू दे. माझी नोकरी जातेय."

शेवटी सुनावणीचा दिवस उजाडला. नव्या चालकाला सोबत घरचं मोठं माणूस आणता येतं, असा आणखी एक हक्क होता. भाचीनं आईला तयार केलं होतं. पण मामा कोट घालून आधीच गाडीत बसलेले होते. मग तिघंही गेली.

वाहतूक खात्याच्या खिडकीमागे एक बाई होत्या. सकाळपासून सगळ्यांच्या सबबी ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली होती.

"दिवा तोडला ते मान्य?"

"मी त्या वेळी मुलाखत देत होते," भाची म्हणाली. "हे रक्तपेढीचं पत्र."

"मग गाडी कोण चालवत होतं? मालक म्हणून ते तुम्हाला सांगावं लागेल. नाहीतर तुम्हीच चालवत होतात असं धरणार."

भाचीनं मामांकडे पाहिलं. नाव घ्यावं तर मामा अडकणार. न घ्यावं तर आपण. तिचा चेहरा पाहून मामा उठले. दोन बोटं कोटाच्या गुंडीवर ठेवून त्यांनी घसा खाकरला.

"मी! गाडी मी चालवत होतो. या मुलीचा काही दोष नाही. जी शिक्षा असेल ती मला द्या."

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला, असं त्यांना वाटलं.

"परवाना?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग बिनपरवाना वाहन चालवल्याचा गुन्हा तुमच्यावर. आणि परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकावर वेगळा. दोन झाले." बाईंनी पेन उचललं. "अजून कुणाला काही कबूल करायचंय?"

ताईंच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. "बस खाली!" त्या कडाडल्या. "मदत करतोय मेला!"

"बाई, पेन खाली ठेवा," भाची म्हणाली. "मी काहीच मान्य केलेलं नाही. मला आधी आख्खं चित्रीकरण बघायचंय. माझा हक्क आहे."

"बघायचं काही नाही हो त्यात," मामा घाईनं म्हणाले. "मी कबूल केलंय ना? मग विषय संपला!"

बाईंनी मात्र पडदा खिडकीकडे वळवला. एवढ्या दिवसांत 'दाखवा' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून त्यांनाही उत्सुकता वाटली असावी.

पडद्यावर बाजारचौक आला. लाल दिवा लागला. आणि एक क्रेन धडधडत चौक ओलांडून गेली. तिच्या मागे, पुढची चाकं हवेत, पालापाचोळ्यासकट लटकलेली, भाचीची गाडी होती. एका खिडकीवरचं वर्तमानपत्र गळून पडलं होतं आणि काचेला, पाकिटावर तिकीट चिकटावं तसा, एक गाल चिकटला होता. डोळे मिटलेले. तोंड सताड उघडं. छातीवर दुर्बीण.

बाईंनी चित्र तिथेच थांबवलं.

"क्रेन आमचीच आहे," बाई म्हणाल्या. "बेवारस गाड्या उचलते."

त्यांनी चित्रीकरण पुढे सरकवलं. चौकापलीकडच्या गल्लीत क्रेन थांबताना दिसली. दोन माणसं उतरली, आत डोकावली, दचकली. आत माणूस असताना गाडी उचलणं हा त्यांचाच गुन्हा होता. त्यांनी गाडी अलगद खाली ठेवली, आवाज न करता क्रेनमध्ये बसले आणि पसार झाले. एवढं होऊनही गालाची जागा बदलली नव्हती.

"म्हणजे दिवा तोडला कुणी?" भाचीनं विचारलं.

"आमच्या ड्रायव्हरनं." बाईंनी नोटिशीवर आडवी रेघ मारली आणि शिक्का उमटवला. "तुमचा परवाना स्वच्छ आहे. जा नोकरीला."

भाचीनं डोळे मिटून श्वास सोडला. आईनं तिला घट्ट धरलं.

"म्हणजे तू झोपला होतास," ताई भावाकडे वळल्या. "आणि झोपलो होतो एवढं सांगायची लाज वाटली म्हणून पोरीला इथवर फरफटत आणलंस? तुरुंगात जायला तयार झालास?"

"ताई, गुप्तहेर झोपत नसतो. तो पहाऱ्यावर डोळे मिटून..."

"डोळे मिटून काय?"

मामा खिडकीशी गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून बाईंना म्हणाले,

"हे चित्रीकरण तुमच्याकडे कायमचं राहणार असेल, तर त्यात माझं तोंड तेवढं मिटवून देता का?"