हवेतून पाणी जिंकिले त्याची हकीकत

सावधान होऊन ऐकावे. इमारतीच्या टाकीस कोरड पडली, नळ नुसते खाकरू लागले, आणि समस्त रयत टँकररूपी गनिमाच्या दारी बादल्या घेऊन तिष्ठू लागली, तेसमयी अखंडखुर्चीमंडित, सूचनाफलकधुरंधर श्रीमंत सेक्रेटरीसाहेब यांचे मनी आले की, हवेत पाणी फुकट हिंडते, ते कैद करावे. मग हवेतून पाणी काढावयाचे यंत्र मोठ्या इतमामाने आणोन सभागृहात स्थापिले, आणि भर सभेत शपथ वाहिली की, आजपासोन टँकर फाटकात आला तर खुर्ची सोडीन. खुर्ची म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. निवृत्तीउपरांत त्यांस कोणी साहेब म्हणावे ऐसी दुसरी जागाच उरली नव्हती.

परंतु दिवस कोरडे. यंत्राने अष्टौप्रहर घरघर केली, विजेचा मीटर घोड्यासारखा उधळला, आणि पाणी आले ते डोळ्यांत घालावयाइतके. रयत कुजबुजू लागली. साहेबांचे तोंडचे पाणी पळाले, आणि तेही यंत्रास सापडले नाही.

ऐशात बाईसाहेबांनी, गच्चीवर धूळ फार सबब, ओल्या चादरी सभागृहातच वाळत घातल्या आणि दारे लावली. सायंकाळी साहेब पाहतात तो यंत्राचे पोटी घागर भरलेली. साहेबांस गहिवर आला. लागलीच फर्मान सुटले की, प्रत्येक बिऱ्हाडाने धुणे सभागृहातच वाळवावे, कसूर करील त्याची गय होणार नाही. मग चादरी, पडदे, सतरंज्या, धुतलेल्याच पुन्हा धुऊन तैनातीस हजर जाहल्या, आणि यंत्र वाहू लागले, आणि पाण्यास साबणाचा मंद वास येई तो रयत शुद्धतेची खूण समजोन प्याली.

बाईसाहेबांनी मात्र पेला खाली ठेवला. "अहो, हे आपल्याच चादरींचं पाणी आहे. शेवटच्या टँकरचं साठवलेलं पाणी तर तळाला गेलं. आता धुवायला कुठून आणणार?"

साहेबांनी मनी हिशेब मांडिला. चादरी कोरड्या तर यंत्र कोरडे, यंत्र कोरडे तर खुर्ची गेली. मग एकट्यानेच खलबत केले, आणि दुसरे दिवशी फाटकात टँकर उभा राहिला. रयत शपथेची याद देण्यास जमली, तो साहेबांनी टँकरवर कागद डकवोन जाहीर केले की, हा टँकर नव्हे, यंत्राचा कच्चा माल आहे. रयतेने क्षणभर विचार केला, आणि बादल्या खाली ठेवोन टाळ्या वाजविल्या.

येणेप्रमाणे हवेवर फत्ते जाहली. खुर्ची सलामत, टँकर कायमचा हद्दपार. कच्च्या मालाच्या रोज दोन खेपा होतात. टँकरची एकच होत असे.