रनाळ्याचा बहुवर्गीय हंगाम

गावात शांतता नांदायची असेल तर कोणाचाही दुसरा नंबर येता कामा नये. हे तत्त्व आधी युरोपला सुचले आणि त्यानंतर लगेच रनाळ्याला.

ते आमच्यापर्यंत हेमकांतने आणले. हेमकांत गावचा इंजिनिअर. त्याच्या कंपनीने त्याला सहा महिने बेल्जियमला पाठवले होते आणि तिथले रविवार त्याने मोटारींच्या शर्यती बघण्यात घालवले. एप्रिलमध्ये चुलतबहिणीच्या हळदीला आला, तेव्हा मांडवात बसून त्याने सगळे समजावून सांगितले. तिकडे एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, तीन-चार प्रकारच्या गाड्या पळतात. जोरातल्या गाड्या हळू गाड्यांना ओलांडत राहतात. चार तास हे चालते आणि शेवटी ज्याचा त्याचा वर्ग, ज्याचा त्याचा पहिला नंबर. उन्हाळाभर देशोदेशी असे पाच-सहा वेळा करतात, त्याला हंगाम म्हणतात. शिवाय काही वर्गांत नियमच आहे की गाडीत एक पट्टीचा पगारी चालक हवा आणि एक हौशी हवा, म्हणजे बहुधा गाडीचा खर्च उचलणारा. हौशी माणसाने ठराविक वेळ गाडी चालवायची. उरलेला वेळ पगारी माणसाने ती सावरायची. बक्षीस दोघांचे.

हे ऐकून सोसायटीचे चेअरमन अमृततात्या गहिवरले. "हाई ते आपलंच शे," ते म्हणाले. "युरोपले आते समजनं."

लगेच समिती नेमली गेली. मी सचिव झालो (माझे अक्षर चांगले आहे). तीन फेऱ्या ठरल्या: रनाळे, म्हसावद आणि प्रकाशा. चार तासांचा एक तास केला, कारण युरोपात मे महिना आमच्यासारखा नसतो. शर्यतीला काहीतरी मोल असावे म्हणून आणखी एक गोष्ट ठरली. गावाच्या अवजार बँकेला (या बँकेत पैसे नसतात, नांगर असतात) कायमचा चालक हवा होता. महिन्याचा पगार, नेमणुकीचे पत्र आणि गोदामामागच्या दोन खोल्या. हंगामात जो पहिला येईल, त्याला ही जागा.

तात्यांचा ट्रॅक्टर अकरा वर्षे स्टीफन चालवत होता. तो नवापूरकडच्या डोंगरातला. घरी मावची बोलायचा, तात्यांशी अहिराणी, आणि सही मराठीत करायचा. त्याची बायको निर्मला दर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायची आणि होळीच्या पुढेमागे परत यायची. वर्षातून नवराबायको जेवढे दिवस एका छपराखाली असत, त्याहून जास्त दिवस स्टीफन आणि ट्रॅक्टर असत. दोन खोल्यांचे कळल्यावर निर्मलाने त्याला एवढेच विचारले की खिडकी कोणत्या बाजूला आहे. स्टीफन गोदामामागे जाऊन बघून आला. पूर्वेला होती.

पहिली फेरी तात्यांच्या गव्हाच्या मोकळ्या रानात झाली. सात ट्रॅक्टर, तीन छोटे हत्ती (म्हणजे मालाचे छोटे टेम्पो) आणि कॅन लावलेल्या दोन दूधवाल्या मोटारसायकली, अशी एकूण बारा वाहने. वर्ग चार. तात्यांनी हौशी म्हणून पंधरा मिनिटे ट्रॅक्टर चालवला, तेव्हा तो नववा होता. मग स्टीफन बसला आणि पाऊण तासात सगळ्यांच्या पुढे गेला. समितीने चार पहिले नंबर दिले. उरलेले आठ जण घरी गेले ते फुगूनच. दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्याला दोन भावकीतले लोक आलेच नाहीत, आणि दूधवाल्यांनी रतीब बंद केल्यामुळे समितीला चार दिवस काळा चहा प्यावा लागला.

म्हणून म्हसावदला वर्ग नऊ केले. तिथे तात्या आपल्या पंधरा मिनिटांत कडेच्या पपईच्या बागेत शिरले. स्टीफनने ट्रॅक्टर मागे घेतला, बोनेटवरच्या पपया उतरवून बांधावर नीट ठेवल्या आणि तरीही सगळ्यांच्या आधी पोचला. नाराज फक्त तीन.

प्रकाशाला समितीने शास्त्रशुद्ध काम केले. बारा वाहनांना बारा वर्ग: छतवाले, बिनछताचे, छत्री बांधलेले, दूधवाले (म्हैस), दूधवाले (गाय), गाणी लावून चालवणारे, यंदा लग्न झालेले, वगैरे. तात्यांचे भाचे भाग्येश यांचा ट्रॅक्टर सुरूच झाला नाही, म्हणून त्यांच्यासाठी 'स्थिर वर्ग' काढला. बक्षीस दोघांत एक ही युरोपची जुनी चूकही आम्ही सुधारली. तात्यांना 'मालक वर्गा'त पहिला नंबर मिळाला आणि स्टीफनला 'पगारी वर्गा'त. देवदर्शनाला आलेल्या भाविकांसमोर स्टीफनने भाग्येश यांना बावीस वेळा ओलांडले. नाराजीचे प्रमाण शून्य टक्के.

अडचण एकच उरली. जागा एक आणि पहिले तेरा.

बैठक तात्यांच्या ओसरीवर झाली. सगळे समान असल्यामुळे सुरक्षिततेचा निकष लावावा असे ठरले. मी तिन्ही फेऱ्यांचे कागद चाळले. शेवटच्या फेरीत ज्याच्या वाहनाने कोणालाही धक्का दिला नाही, धूळ उडवली नाही आणि थेंबभर डिझेल जाळले नाही, असा चालक एकच निघाला. भाग्येश यांची नेमणूक एकमताने मंजूर झाली.

तात्यांच्या घरच्या धनुबाई चहा घेऊन आल्या होत्या. "सगळाच पहिला," त्या म्हणाल्या, "मंग शर्यत कसाले ली?"

"मन राखाले," तात्या म्हणाले.

स्टीफन पायरीपाशी उभा होता. मी त्याला निर्णय वाचून दाखवला.

"तात्या, मी पुढे व्हतू ना?"

"व्हता ना. तुन्हा वर्गमा तूच पहिला."

"मन्हा वर्गमा आखो कोन व्हतं?"

तात्यांनी कपातला चहा संपवला. "तूच," ते म्हणाले.

स्टीफनने ट्रॅक्टरची चावी खिशातून काढून त्यांच्या बशीत ठेवली. "ही चाबी ल्या," तो म्हणाला. "आते तुम्हीच हाका." आणि हात पुसून निघून गेला. सकाळच्या गुजरातच्या बसमध्ये लोकांनी त्याला आणि निर्मलाला पाहिले. तिच्या मांडीवर भांड्यांचे गाठोडे होते.

बारडोलीकडच्या एका बागायतदाराने त्याला ऊसतोडणी यंत्रावर एक चक्कर मारायला लावली आणि संध्याकाळी कामावर ठेवले (तिकडे वर्ग पाडण्याची पद्धत अजून पोचलेली नाही). एक खोली मिळाली. तीत दोघे राहतात.

इकडे पेरणी आली. बँकेचा ट्रॅक्टर भाग्येश यांनी तिसऱ्या दिवशी सुरू केला. तात्यांचा ट्रॅक्टर स्वतः तात्यांनी हाकला. यंदा कापसाच्या सऱ्या अशा वळणे घेत पडल्या आहेत की व्हिडिओ पाहून हेमकांतने हा बेल्जियमचा शर्यतीचा रस्ता का, असे विचारले. समितीने ती प्रशंसा म्हणून नोंदवून घेतली.

हा अहवाल मी गावात वाचून दाखवला. ऐकणारा प्रत्येक जण, तात्या आणि भाग्येशसुद्धा, मान हलवून म्हणाला की स्टीफनचे जे झाले तेच आपलेही आयुष्यभर होत आले आहे. आपण तात्या आहोत किंवा भाग्येश आहोत, असे एकालाही वाटले नाही. वाचकहो, आपणही आत्ता स्टीफनच्याच जागेवर बसला असाल. तिथे फार गर्दी झाल्यामुळे समितीने आपल्यासाठी वेगळा वर्ग काढला आहे. त्यात आपण एकटेच आहात. अभिनंदन.